एक खोडलेली ओळ, सोळा मशिनं

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना समजावून सांगायला मला चार वर्षं लागली. तुम्हाला चार मिनिटांत सांगते, कारण पुढची गोष्ट सांगायची मला घाई झाली आहे.

मी अलिबागजवळ थळला राहते. मागच्या खोलीत एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप आणि भिंतीवर एक यादी, एवढं माझं ऑफिस. तिथे बसून मी एका कोड एडिटरचं लिनक्ससाठीचं पॅकेज बांधते. एडिटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की जाहिरात वाटते. कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची वही. कंस उघडा राहिला तर ही वही तिथल्या तिथे लाल रेघ मारते, सारख्या गोष्टी एका रंगात दाखवते आणि लिहिलेला प्रोग्राम एका बटणावर चालवते. पुण्यातली एक छोटी कंपनी आणि ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून ती बनवतात. मी त्या कंपनीची नोकर, घरून काम करणारी.

लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था. ती फुकट आहे आणि कुणीही उघडून हवी तशी बदलावी अशी आहे. लोकांनी ती बदलली, त्यामुळे तिच्या जाती झाल्या अनेक. एका जातीवर चालणारं खोकं दुसरीवर उघडतही नाही. म्हणून पॅकेज बांधणारं माणूस लागतं.

"दिवसभर खोकी भरते म्हंतेस," सासूबाई विचारायच्या, "मंग खोकी हायत कुठं?"

त्या थळच्या बाजारात सुकी मासळी विकतात. एकदा डोंबिवलीला लेकीकडे पाठवायचं सुकं बांधत बसल्या होत्या. बोंबील वेगळे, जवळा वेगळा. जवळ्याला दोन पिशव्या, कारण शेजारी शाकाहारी. वर चिठ्ठी. मी तिथेच बसकण मारली.

"आई, मी हेच करते. माल दुसऱ्यांनी धरलेला. मी निवडते, बांधते, वर चिठ्ठी लावते. आत काय आहे, घरात कुठे ठेवायचं, सोबत काय असायला हवं, नको झालं तर घाण न करता बाहेर कसं काढायचं. आणि ज्याचं दार जेवढं, त्याचं खोकं तेवढं."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. "न् वास आला तर शिव्या कोनाला? धरनाऱ्याला का तुला?"

"मला."

"मंग धंदा बराबर हाय," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकं या धंद्यातही तऱ्हेतऱ्हेची. उरणच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातले कारकून आमचा एडिटर रोज आठ तास वापरतात आणि त्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. ते त्यात कंटेनरचे नंबर लिहितात. त्यांचं पहिलं पत्र असं होतं: "मॅडम, एकच नंबर दोनदा पडला तर तो लाल करा. माझा ड्रायव्हर काल नसलेल्या डब्यासाठी यार्डात तीन तास फिरला." मला हसू आलं, मग वाटलं, का नाही? सारख्या ओळी रंगवायची सोय आम्ही घातली. आज ती सोय मोठमोठे प्रोग्रामर वापरतात आणि कुणाच्या डोक्यातून निघाली म्हणून विचारतात. मी सांगते, उरणच्या.

याच कारकुनांनी दुसरी तक्रार केली की मराठीत टीप लिहिली की वरच्या मात्रा कापल्या जातात. "माझ्या अक्षरांचं टक्कल करता," असं त्यांचं म्हणणं. खरंच होतं. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर ओळ बेतलेली, आपली अक्षरं डोक्यावर पागोटं घालतात याचा विचार कुणी केलाच नव्हता. ओळीची उंची थोडी वाढवली. लगेच परदेशातून पत्र, ओळी फार लांब लांब दिसतात. मग देवनागरी दिसली तरच उंची वाढेल असं केलं. दोन्हीकडे शांतता. या कामात शांतता हीच शाबासकी, असं मी तेव्हा मानत असे. त्या समजुतीने मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

आता मुरुडची गोष्ट.

आधी माझ्या यादीबद्दल सांगायला हवं. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, पाहुणे निघाल्यावर त्यांच्या पिशवीत काय गेलं त्याची. भिंतीवरच्या यादीत तेवीस ओळी आहेत. नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी एकेक तपासायची आणि हिरवी खूण करायची. शुक्रवारी काही सोडायचं नाही, कारण शनिवार-रविवारी बिघडलेलं निस्तरायला कुणी नसतं. मोकळ्या, कोऱ्या मशीनवर बसवून बघायचं. काढून बघायचं. हे सगळं मी करत होते. चूक झाली ती आळसाने नाही, टापटिपीच्या हौसेने झाली.

हे पॅकेज माझ्याकडे आलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून. कुठल्या तरी लांबच्या देशातला तो माणूस, मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याने काम सोडलं आणि चावी माझ्या हातात दिली. चावीबरोबर त्याने वर्षानुवर्षं घातलेल्या बारीकसारीक डागडुजीच्या ओळीही आल्या. काहींच्या शेजारी कारण लिहिलेलं होतं, काहींच्या नव्हतं. बिनकारणाच्या ओळी मला बघवेनात. मी त्यांची यादी केली आणि एकेक निकालात काढायला घेतली.

त्यातली एक ओळ एडिटर सुरू होतानाची. ती आधी बघायची की मशीनमध्ये चित्र काढणारी चिप कुठली आहे. दोन ठरावीक जुन्या चिपांपैकी एखादी असेल, तर ती एडिटरला सांगायची की खिडकी साध्या पद्धतीने काढ, चिपची मदत घेऊ नकोस. ही चौकशी करण्यात वेळ जायचा. मी ओळ काढून पाहिली, तर एडिटर निम्म्या वेळात उघडला! मी आमच्या सगळ्यांच्या चर्चेच्या यादीवर, म्हणजे एकाने ईमेल टाकली की सगळ्यांना पोचते अशा यादीवर, विचारलं: ही ओळ कुणाला हवी आहे का? दोन आठवडे थांबले. कुणी हूं की चूं केलं नाही. मी ओळ खोडली.

गुरुवारी आवृत्ती सोडली. संध्याकाळपर्यंत कौतुकाची पत्रं. "काय पळतोय!" "अभिनंदन!" शुक्रवारचा दिवस मी जमिनीवर नव्हते.

शनिवारी सकाळी सव्वानऊला सासूबाई हातात त्यांचा फोन धरून मागच्या खोलीत आल्या. या खोलीत त्या सहसा येत नाहीत.

"गो, मुरुडचा फोन हाय. तुजा खोका फुटलाय म्हंतात."

हा फोन सासूबाईंकडे कसा आला ते सांगते, कारण असं जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. मुरुडच्या बाजारामागे बायकांसाठी एक कॉम्प्युटरचा वर्ग आहे. तिथल्या शिक्षिका नाझिमा बाई. एडिटर बिघडला तेव्हा त्यांनी मशीनलाच विचारलं की हे पॅकेज बांधलं कुणी. नाव आलं माझं. आडनाव वाचून त्या म्हणाल्या, हे तर थळचं. त्यांचे दीर सुक्या मासळीचा व्यापार करतात. दिरांकडे माझ्या सासूबाईंचा नंबर! जगभरची माणसं ज्या तक्रारपेटीत पत्रं टाकतात, तिच्याआधी तक्रार बोंबलाच्या वाटेने माझ्या घरात पोचली.

"ताई, मी नाझिमा. माफ करा, सकाळी सकाळी. तुमचा एडिटर सगळ्या मशीनवर पांढरा पडलाय."

"पांढरा म्हणजे?"

"पांढरा म्हणजे पांढरा. कफनासारखा. खिडकी उघडते, आत काही नाही. परवापर्यंत मस्त चालत होता."

"आपोआप अपडेट झाला असेल. मी इथून दुरुस्त करून सोडते, तुम्ही..."

"इंटरनेट नाही ताई. काल रस्ता खोदला, केबल तुटली. आणि सोमवारी सकाळी दहाला प्रॅक्टिकल आहे. बाहेरून परीक्षक येणार. पंधरा चालू मशिनं दाखवली नाहीत तर केंद्र अलिबागला हलवणार म्हणून पत्र आहे माझ्याकडे. तीन वर्षं अर्ज करून केंद्र मिळालं होतं."

"दुसरा एखादा साधा एडिटर..."

"वर्षभर रिक्षा चालवायला शिकवली आणि परीक्षेला बैलगाडी द्यायची?" त्या म्हणाल्या. "शिवाय मंजूर यादीत तुमचाच आहे. दुसरा चालत नाही."

मी घड्याळ बघितलं. "दुपारपर्यंत येते."

"इथे? स्वतः?" त्यांना खरं वाटेना.

बॅगेत लॅपटॉप, तीन पेन ड्राइव्ह, जुन्या आवृत्त्या. सासूबाईंनी डब्यात भाकरी आणि सोड्यांचं कालवण दिलं. "फुटलेला खोका परत घ्यायला जातेस, उपाशी नको जाऊ," म्हणाल्या. अलिबागहून मुरुडची एसटी मिळाली. गुरुवारच्या आवृत्तीत एकूण अकरा बदल होते. ते वहीत लिहिले आणि एकेकाची उलटतपासणी सुरू केली. याने खिडकी पांढरी पडेल का? नाही, काट. याने? शक्य आहे, ठेव. रेवदंड्याच्या पुलावर सात उरले, काशीदला चार. मनात म्हणते आहे असं मला वाटत होतं, पण मी मोठ्याने म्हणत असणार, कारण मुरुडला कंडक्टर येऊन उभा राहिला.

"मॅडम, जप झाला असंल तर उतरा. गाडी इथनंच फिरणार."

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. नाझिमा बाई ठेंगण्या, चश्मा कपाळावर चढवलेला, हातात हजेरीचं पुस्तक. खोलीत सोळा टेबलं. तेरा मशिनं सुरू, तेराही पडद्यांवर माझी पांढरीशुभ्र खिडकी. उरलेल्या तीन मशिनांवर फुलाफुलांचं कापड घातलेलं. पाच-सहा विद्यार्थिनी आलेल्या. नुकती बारावी झालेल्या दोघीतिघी, बाकी संसारी बाया. सगळ्यांनी माझ्याकडे डॉक्टरकडे बघतात तसं बघितलं. पण मला अजून रोगाचं नावही माहीत नव्हतं. चार संशयित होते आणि वही.

कोपऱ्यातल्या मशीनवर एक बाई खटाखट टाइप करत बसल्या होत्या. पडदा पांढरा, यांची बोटं चालू.

"तुम्ही काय करताय?" मी विचारलं.

"सराव," त्या म्हणाल्या. "परवा परीक्षा हाय ना."

"पण दिसत तर काहीच नाही."

"मी कधी बघते? टायपिंगची चाळीसची परीक्षा पास हाय मी, लग्नाच्या आधी. इन्स्टिट्यूटमध्ये आमच्या सरांनी बोटांवर फडकं टाकून शिकवलं. नजर कागदावर, बोटं यंत्रावर. तवापासून बघायची सवयच न्हाय."

या रंजनाताई. मुरुडच्याच एका लॉजमध्ये स्वयंपाक करतात.

नाझिमा बाई ओशाळल्या. "सकाळपासून सांगतेय, रंजना, ते बंद आहे, उगाच बोटं झिजवू नकोस."

"बंद कुठं हाय बाई?" रंजनाताईंनी दोन बटणं दाबून फाइल साठवली आणि बाजूची काळी खिडकी उघडली. या काळ्या खिडकीत एडिटरशिवायही प्रोग्राम चालवता येतो, आणि ती मात्र नीट दिसत होती. त्यांनी फाइलचं नाव दिलं. झरझर सतराचा पाढा उमटला. सतरा एके सतरा ते सतरा दाहे सत्तरासे. एकही चूक नाही.

मी किंचाळलेच म्हणा ना. खोलीतल्या सगळ्या दचकल्या.

"काय झालं ताई?"

"तो मेलेला नाही!" मी म्हणाले. "तो ऐकतोय, लिहितोय, साठवतोय. त्याला फक्त दाखवता येत नाही!"

चारातले तीन संशयित त्याच क्षणी सुटले. मी एका मशीनची चिप तपासली. त्या दोन जुन्या चिपांपैकी एक. शेजारचं मशीन, दुसरी. तेराच्या तेरा. मी ज्या ओळीला बिनकारणाची म्हटलं होतं, तिचं कारण माझ्यासमोर तेरा टेबलांवर मांडून ठेवलेलं होतं.

हे सांगायलाच हवं होतं, आणि सांगणं सोपं नव्हतं. "नाझिमा बाई, यात तुमच्या मशिनांचा दोष नाही. एक ओळ होती, या मशिनांसाठीच घातलेली. मी ती काढली. मला वाटलं कुणालाच नको आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "विचारलं नाही कुणाला?"

"विचारलं. दोन आठवडे."

"कुठे विचारलं?"

मी चर्चेच्या यादीचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. वर्गातल्या कुणीच ऐकलेलं नव्हतं. मुरुडचा प्रश्न मी भलत्याच गल्लीत दवंडी पिटून विचारला होता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आधी टाका घाला, मग कुणी फाडलं ते बघू."

टाका सोपा होता. ओळ परत घातली, खोकं पुन्हा बांधलं. खोक्याचा नंबर मात्र वाढवावा लागतो. लिनक्सची मशिनं नंबराच्या शिडीवर वरच चढतात. जुनं, खालच्या नंबरचं खोकं दिलं तर घेत नाहीत. तीन पेन ड्राइव्ह तिघींच्या हातात दिले. पहिलं मशीन, दुसरं, तिसरं. खिडकी उघडली की त्या टेबलावरून "आला गं!" अशी हाक यायची, जाळ्यात मासा बघून यावी तशी. पाऊण तासात तेराही एडिटर रंगीत.

मी हात झटकले. नाझिमा बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही उजेड नव्हता.

"तेरा," त्या म्हणाल्या.

"आणि पत्रात पंधरा."

"दोन उसनी मिळणार होती. काल देणाऱ्यांनीही हात वर केले. मागच्या वर्षी तेरा बघून परीक्षकांनी समज दिली होती. या वेळी ऐकणार नाहीत."

"केंद्र अलिबागला गेलं तर माझं हितंच संपलं," रंजनाताई खुर्चीतून म्हणाल्या. तक्रार नव्हती, हिशेब सांगितल्यासारखं. "सकाळी लॉजची न्याहारी, दुपारी जेवण. अलिबागला खेपा कोण घालनार? आधी एकदा कोर्स सोडलाय मी. परत सोडला तर आमचे म्हंतील, बस झाली हौस."

मी कापडाकडे बोट दाखवलं. "या तिघांना काय झालंय?"

"ती पहिल्यापासून बाद आहेत. आधीच्या सरांनी सांगितलं, पडदे गेलेत. पांढरे पडतात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "पांढरे पडतात? सगळंच?"

"नाही, बाकी सगळं दिसतं. तुमचा एडिटर तेवढा..." आणि त्या मध्येच थांबल्या. चश्मा कपाळावरून नाकावर आला. "या अल्ला!"

आम्ही दोघींनी एकाच वेळी कापड ओढलं. धूळ उडाली, सगळ्या शिंकल्या. पहिलं मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की रंजनाताईंनी त्याला "चल रे बाबा" म्हणून थोपटलं. चिप तपासली. तिसऱ्याच जातीची! माझ्या आधीच्या माणसाने दोन जुन्या चिपांची नावं लिहिली होती, त्याला ही तिसरी माहीतच नसावी. मी एडिटरला हाताने हुकूम दिला: साध्या पद्धतीने खिडकी काढ.

एक सेकंद. दोन. तीन.

आला. डाव्या बाजूला फाइलींची यादी, मध्ये कोरं पान, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. वर्षभर कापडाखाली ठेवलेलं धडधाकट मशीन. मग दुसरं. मग तिसरं. बारावी झालेल्यांपैकी एक टेबलावर चढून नाचायचीच बाकी होती. नाझिमा बाई एकेका टेबलाला हात लावत मोजत गेल्या, एक ते सोळा. परत आल्या आणि पुन्हा मोजलं. मग हजेरीच्या पुस्तकाने तोंड झाकून हसायला लागल्या.

मला इतका आनंद माझ्या कामात पूर्वी कधी झाला नव्हता, आणि इतकी लाजही. भाकरी खाताना मी विचारलं, "वर्षभर तीन मशिनं बंद होती, मला कळवलं का नाही?"

"कुणाला कळवणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आहात हे मला आज सकाळी कळलं. आम्हाला वाटलं मशीन जुनं, दोष मशीनचा. बायकांना वाटलं, दोष आमचा. एकीने तर मला विचारलं होतं, बाई, माझ्याच हाताने पांढरं झालं का."

भिंतीवरच्या माझ्या तेवीस ओळींच्या यादीत वर्षभर सगळ्या खुणा हिरव्या होत्या. ज्या दुखण्याची तक्रार आली नाही ते दुखणं नाही, असं मी धरून चालले होते. मुरुडसारखे आणखी किती वर्ग असतील, किती कापडं घातलेली असतील, ते मला माहीत नाही. अजूनही नाही. ही गोष्ट हसत हसत सांगते खरी, पण ते मला टोचतं.

संध्याकाळच्या एसटीने परत निघाले. घरी येऊन दुरुस्त खोकं सगळ्यांसाठी सोडलं. शुक्रवारीही काही न सोडण्याचा नियम, आणि मी शनिवारी सोडलं. तोवर तक्रारपेटीत जगभरातून पांढऱ्या खिडकीची पत्रं आली होती फक्त दोन.

सोमवारी दहा वाजल्यापासून मी काम करत होते म्हणणं खोटं ठरेल. साडेबाराला फोन आला, या वेळी माझ्या नंबरवर.

"परीक्षकांनी सोळा मोजली," नाझिमा बाई म्हणाल्या. "मग विचारलं, मागच्या वर्षी तर तेरा होती, नवीन घेतली का? मी म्हटलं, नाही साहेब, तीच आहेत, डोळे उघडले."

"आणि रंजनाताई?"

"प्रॅक्टिकल संपवून पहिली उठली. लॉजची न्याहारी करून आली होती, जेवण करायला पोचायचं होतं."

केंद्र मुरुडलाच राहिलं. निकाल पुढे लागला, त्यात रंजनाताई चांगल्या गुणांनी पास झाल्या. लॉजच्या खोल्यांची नोंद आता त्यांनीच लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये होते. स्वयंपाकही सुटलेला नाही, पगार मात्र वाढला असं कळलं.

पुढचे दोन आठवडे मी झपाटल्यासारखं काम केलं. चिपांची नावं लिहीत बसण्यात अर्थ नव्हता, तिसरी निघाली तशी चौथीही निघेल. मग एडिटरलाच स्वतःकडे बघायला शिकवलं. उघडल्यावर पहिलं चित्र पडद्यावर उमटलं का, हे तो आता स्वतः तपासतो. नाही उमटलं तर निमूटपणे बंद होतो आणि साध्या पद्धतीने परत उघडतो. चौकशीचा वेळही वाचला, म्हणजे गुरुवारी मिरवलेला वेग तसाच राहिला. पुण्याच्या मंडळींनी तो बदल मूळ एडिटरमध्ये घेतला. आता तो लिनक्सच्याच नव्हे, सगळ्यांच्या खोक्यात जातो. ओळीशेजारी मी कारणही लिहिलं आहे, सात ओळींचं, अगदी मशिनांच्या वयासकट. माझ्यामागून चावी ज्या कुणाच्या हातात जाईल त्याने किंवा तिने टापटिपीच्या भरात हात लावू नये म्हणून.

ही आवृत्ती सोडण्याआधी मोठ्या ऐटीत मी नाझिमा बाईंना फोन केला. आता काळजी नको, उद्या अपडेट येईल, आपोआप बसेल, तुम्हाला काही करायला नको.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण ते आपोआप मी बंद केलंय. परीक्षक जिना उतरले आणि पहिलं काम तेच केलं. सोळाही मशिनांवर."

"मग हे नवं अपडेट?" मी विचारलं.

"तुमचं अपडेट माझ्या वर्गात येईल ना, जरूर येईल," त्या म्हणाल्या. "पण विचारून येईल. आधी मला पाठवा. मी एका मशीनवर बसवीन, रंजनासारखी कुणीतरी दोन दिवस वापरील. पसंत पडलं तर बाकीच्यांना. आणि पसंत नाही पडलं तर तुम्हाला सांगीन, बाहेर कुणाला देऊ नका."

यादीत चोविसावी ओळ घातली: मुरुडला विचारणे. पुण्याच्या कंपनीत सुरुवातीला हसले. मग मुरुडने दोन चुका बाहेर जाण्याआधी पकडल्या, तेव्हा हसणं थांबलं. आज माझ्याकडे नव्या मशिनांचा ढीग आहे, पॅकेज तपासणारे प्रोग्राम आहेत, पण शेवटची खूण होते ती नाझिमा बाईंनी हो म्हटल्यावरच.

मागच्या महिन्यात मोठी आवृत्ती तयार होती. पुण्याहून दोनदा विचारणा झाली, परदेशातले हौशी लोक डोळे लावून बसले होते. तेवीस खुणा हिरव्या. मी मुरुडला फोन लावला.

"तयार आहे? छान," नाझिमा बाई म्हणाल्या. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "पण आज नको ताई, उद्याही नको. परवा माझ्या वर्गाची चाचणी आहे. त्यानंतर बघते."

मी पुण्याला कळवलं. पुण्याने जगाला कळवलं की काही अपरिहार्य कारणास्तव आवृत्ती तीन दिवस लांबली आहे.